नानांना पाजलेला काढा

चहा आधी संपवा, मगच ऐका. अर्ध्यावर ठसका लागला तर मी जबाबदार नाही. कारण गोष्ट अशी, की मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांना विष पाजलं होतं.

हसताय काय? अहो, त्या दिवशी निम्मं गाव साक्षीला होतं!

साठच्या दशकातली गोष्ट. पौडच्या अलीकडच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर मुळशीच्या त्या सगळ्या पट्ट्यात एक भयंकर ताप शिरला. सगळे त्याला हाडमोड्या म्हणत. कालपर्यंत नांगर खांद्यावर टाकून चालणारा गडी आज गुडघे धरून रांगायचा. माझ्या चौथीच्या वर्गात एकदा पाच पोरं उरली, आणि त्यातली दोन कण्हत होती.

मी मुळात भित्रा. डास गुणगुणला की मला यम गुणगुणल्यासारखा वाटे. अशात पुण्याहून माझे सासरे आले. नाना. निवृत्त संस्कृत शिक्षक. आवाज असा, की रस्त्यावरच्या अनोळखी माणसानेही दचकून शर्टाचं वरचं बटण लावावं. आल्यापासून चौथ्या दिवशी नाना तापाने फणफणले.

पौडचे डॉक्टर येऊन गेले. भला माणूस. म्हणाले, "हा डासांमुळे येणारा ताप आहे, पण हिवताप नव्हे. क्विनीनने जाणार नाही. खरं सांगायचं तर याच्यावर खास औषधच नाही. पाणी पाजा, पेज द्या, झोपू द्या."

औषधच नाही! मालती, म्हणजे आमची ही, पदर डोळ्यांना लावून बसली. मला तर घरातून तिरडी निघताना दिसायला लागली. आणि पुण्यातले सगळे नातेवाईक विचारणार, "जावयाकडे गेले ना हो?"

सकाळ होताच मी डोंगराच्या पायथ्याला ठकूबाईकडे पळालो. ही म्हातारी झाडपाल्याची जाणकार. मी विचारलं, "ताप जाईल ना?"

"ताप त्याच्या वक्तानं जातुया, मास्तर. गुळवेलीनं मानूस जरा दम धरतंय, येवढंच," ती म्हणाली. तिने दोन पुरचुंड्या दिल्या, एक प्यायची, एक डासांसाठी जाळायची. एक पळसाच्या पानात, एक मळक्या फडक्यात. कुठली कशाला हेही तिने नीट सांगितलं. पण तेवढ्यात माझ्या मानेवर तीन डास बसले होते हो! मी फटाफट थपडा मारत नुसता "हो हो" म्हणत होतो.

घरी आल्यावर मालतीने विचारलं, "यातली प्यायची कुठली?"

आता 'ऐकलं नाही' असं बायकोला कोण सांगणार? मी अक्कल चालवली. पान जळतं, म्हणजे पानातली जाळायची. औषध कसं, फडक्यात नीट बांधलेलं असणार! झालं. फडक्यातलं उकळलं आणि नानांना पेलाभर पाजलं. पानातलं निखाऱ्यावर टाकून घरभर धूर केला.

दुपारी शेजारच्या हौसाबाई रानातून आल्या. दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, ठकूबाईनं निरोप दिलाय. ती धोतरातली हाय नव्हं, ती डासांच्या धुरीचीच बरं का. प्याया द्यायची न्हाई."

मी ऐकलं 'धोतऱ्यातली'.

धोतरा! अहो, त्याच आठवड्यात मी विषारी वनस्पतींचा धडा शिकवला होता. धोतरा पोटात गेला तर घशाला कोरड, बुबुळं मोठी, असंबद्ध बडबड आणि मग… पुढचं वाक्य आठवून मी भिंतीला टेकलो.

धावत आत गेलो. नाना म्हणाले, "पाणी." घशाला कोरड! जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. बुबुळं ही एवढी! आणि मग ओठ हलवत काहीतरी पुटपुटायला लागले. ती रोजची रामरक्षा होती, हे कळायला माझं डोकं जाग्यावर हवं ना?

"मालती, मीठ आण! नानांना विष गेलंय!"

मालतीने हंबरडा फोडला. हौसाबाईंनी तो ऐकून त्याहून मोठा फोडला. निम्मं गाव ओसरीत. कोणी ठकूबाईला आणायला धावलं, कोणी डॉक्टरांना. मी नानांचं डोकं धरून तांब्याभर मिठाचं पाणी घशाखाली उतरवत होतो. बिचारे ओकत होते, आणि प्रत्येक ओकारीला मला फासाचा दोर दिसत होता.

शेवटी मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, माणूस चाललंय, मनात काही ठेवू नये.

"नाना, क्षमा करा! मी चुकून तुम्हाला धोतरा पाजला! आणि… आणि आणखी एक. लग्न ठरवताना मॅट्रिकला संस्कृतात सत्त्याहत्तर सांगितले होते ना? ते खोटं होतं. पस्तीस होते!"

मालतीचं रडणं खाडकन थांबलं.

एवढ्यात धापा टाकत ठकूबाई आली. माझं बोलणं ऐकून कपाळावर हात मारला. "धोतरा? अवं मास्तर, कुटला धोतरा? आमच्या म्हाताऱ्याचं धोतर! फाटलं म्हनून त्याच्या फडक्यात पाला बांधला. नुसती निरगुडी आन् कडुलिंब हाय त्यो. कडूजहर लागंल, पन मरायचं न्हाई कुनी! आन् गुळवेल कुटं हाय?"

"जाळली," मी म्हणालो.

लोक पोट धरधरून हसले. मला मात्र रडू फुटलं. नाना वाचले होते हो! मी देवापुढे साखर ठेवायला उठणार, तोच पाठीमागून आवाज आला. थकलेला, पण तोच. वर्गातला.

"जावईबापू. विष नव्हतं ना?"

"नाही, नाना!"

"मग बसा असे समोर. 'देव' शब्द चालवा."

ओसरीत माझ्याच शाळेतल्या पोरांचे आईबाप. मी घाम पुसत सुरुवात केली. प्रथमा निभावली. द्वितीया कशीबशी ढकलली. तृतीयेला "देवेन… देवेनौ…" म्हणून जो थांबलो, तो थांबलोच.

नानांनी डोळे मिटले, दुखऱ्या हातांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि म्हणाले, "पस्तीस? परीक्षक फारच दयाळू दिसतो."