आईच्या हाकेची चाल

मी आठवीत होते तेव्हा राळेगावच्या आमच्या शाळेत संगीत शिकवायला मॉरिशसच्या मॅडम आल्या. त्यांचे पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले होते. मॅडम गाणं शिकायला पुण्याला आल्या, आमच्याकडच्या एका मुलाशी लग्न केलं आणि इथंच राहिल्या. त्या स्वतः चाली बांधायच्या. मराठी मात्र इथल्या भाजीबाजारात शिकलेलं. पहिल्याच दिवशी त्या वर्गात म्हणाल्या, "मले थोडं पाणी दे." आम्ही मुली तोंड दाबून हसलो. घरी आम्हीही तसंच बोलायचो, पण शाळेत 'मला' म्हणायचं असतं हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

स्नेहसंमेलनासाठी त्यांना नवं गाणं करायचं होतं. त्यांनी मला विचारलं, "आई वावरातून तुला कशी हाक मारते?"

"ये बाळ, म्हणते."

"खरंच?"

मी मान खाली घालून पुटपुटले, "कायले बसून राह्यली वं, ये ना इकडं."

त्यांनी ते चारदा म्हणायला लावलं आणि पेटीवर तेच सूर काढले. माझ्या घरचं बोलणं पेटीतून ऐकताना मला लाज वाटली, आणि पुन्हा ऐकावंसंही वाटलं.

मुख्याध्यापकांना ते पटलं नाही. "पाहुणे येणार आहेत. शुद्ध मराठी घ्या," ते म्हणाले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, माझ्या आजीला मराठी गाण्याची एकच ओळ यायची. अर्थ आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हता. चाल होती म्हणून ती ओळ राहिली. हे गाणं असंच राहू द्या."

सरांनी कार्यक्रमाची यादी पुढे ओढली. म्हणाले, "बरं, शेवटी ठेवा."

संमेलनाच्या दिवशी आई कापूस वेचून तशीच आली आणि मागे बसली. आम्ही गायलो. टाळ्या बेताच्याच पडल्या. घरी येताना आईनं पदराला चिकटलेला कापूस झटकला.

"ते माहंच बोलणं व्हय ना?" तिनं विचारलं.

"हो."

"चांगलं झालं. पण तो 'वं' लय लवकर तोडला तुमी. वावर लांब असते. तेवढ्यानं आवाज पोचत नाही."

दुसऱ्या दिवशी मी भीतभीत मॅडमना हे सांगितलं. त्या संध्याकाळीच वही घेऊन घरी आल्या. आई आधी लाजली, चहा ठेवते म्हणाली. मग दारात उभी राहिली आणि तिनं खरी हाक दिली. शेजारच्या दोन बाया काय झालं म्हणून बाहेर आल्या. मॅडमनी वहीतली जुनी ओळ खोडली आणि म्हणाल्या, "ताई, अजून एकदा."

पुढच्या रविवारपासून आई त्यांच्याकडे जाऊ लागली. कधी कधी शेजारणीही सोबत असायच्या. तिथं कोण कुणाला शिकवायचं, ते मला कधी नीट कळलं नाही. परत येताना मात्र आई नवं काहीतरी गुणगुणत यायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, "थांब, अजून पक्कं नाही झालं."