हिरव्या ठिपक्याची पाकिटं

आमच्या आईवर, म्हणजे अक्कावर, मी धुळ्याच्या सुपरमार्केटात चारचौघांत ओरडले होते. ते आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे तिचं कौतुक करायला मी मोकळी.

वडिलांचं, आबांचं, ब्लडप्रेशर हाताबाहेर गेलं होतं. किडनीवर ताण आलाय, मीठ तोडा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. तेव्हाही असंच असलं तर डायलिसिसचं बघावं लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी दोघांना शिरपूरकडच्या गावाहून माझ्याकडे आणलं. अक्कानं लोणचं-पापड बंद केले, भाजीत मीठ चिमटीनं घालायला लागली. तरी महिन्यानं मोजलं तर प्रेशर जिथल्या तिथे!

किराणा तीच आणायची. त्या रविवारी मी तिच्यासोबत गेले आणि कारण कळलं. तिनं ट्रॉलीत शेव, सूपची पाकिटं, मसाला ओट्स असं भराभर टाकलं होतं. माझं डोकंच फिरलं. "अगं, आबांना मारायचंय का तुला?"

"मी देखीसन लिन्हं," बघूनच घेतलंय, असं ती आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणाली आणि पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हिरवा शे ना! हिरवा म्हंजे कमी जहर."

मला आधी काही उमगेना. मग लक्षात आलं. अक्काचा जन्म कपाशीत गेला. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. आबा घाईघाईनं डबा उघडायला जायचे आणि ही आधी त्रिकोण बघून त्यांना तोंडाला फडकं बांधायला लावायची. आता खाण्याच्या पाकिटांनाही तिनं तोच कायदा लावला होता. तो ठिपका फक्त शाकाहारी असल्याचं सांगतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी तरी कुठली शहाणी? पदवीधर बाई, पुढे छापलेलं हिरवं पान बघून आबांसाठी 'भाजलेला' चिवडा मीच आणत होते.

घरी आल्यावर मी तिला एका चिठ्ठीवर इंग्रजीत 'सोडियम' लिहून दिलं. हेच मीठ, याच्यासमोरचा आकडा बघायचा. चौथी पास बाई! पुढच्या रविवारी चिठ्ठी हातात धरून एकेक अक्षर जुळवत उभी राहिली. मागे लोक खोळंबले. खोळंबू देत!

दुकानातली पोरगी म्हणाली, "मावशी, हे घ्या, हेल्दी आहे."

"मांगे दखाड," अक्का म्हणाली आणि पाकीट स्वतःच उलटं केलं.

मग दोन हातांत दोन खाकऱ्यांची पाकिटं घेऊन बराच वेळ थांबली. मी एकाचा आकडा कमी बघून ते ट्रॉलीत टाकणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "याना वर वीस ग्रॅमनं लिखेल शे, त्याना वर शंभरनं. तराजू एक नको का?" हिशेब केला तर कमी आकड्याचंच पाकीट जास्त खारट निघालं. मी आतून अशी फुगले होते की विचारू नका. दोन्ही पाकिटं तिनं परत ठेवली आणि फुटाणे घेतले, बिनमिठाचे. आबांनी आठवडाभर तोंड वाकडं केलं, पण खाल्ले.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. प्रेशर उतरलं होतं, किडनी सावरत होती. "डायलिसिसचं नाव सध्या काढायला नको," ते म्हणाले आणि आबांकडे वळले, "काय काय खाता, सांगा बरं."

बाहेर कुणीही काही विचारलं की उत्तर आबांनीच द्यायचं, ही आमच्या घरची रीत. बियाण्याच्या दुकानात, बँकेत, अगदी दवाखान्यात अक्काला कुठे दुखतंय हेसुद्धा तेच सांगायचे. सवयीनं अक्का खाली बघत बसली होती.

आबांनी आपली खुर्ची जरा मागे घेतली.

"हिले इचारा, साहेब. बठ्ठं हिलेच माहीत शे."