एक झाकण

आमच्या घरात कोणी अगदी शांत निजलं की मला आवडत नाही. घोरणारा माणूस परवडला. माझा नवरा असा घोरतो की गोठ्यातली म्हैस दचकून उठते, पण कुशीवर वळा असं मी त्याला कधी म्हटलं नाही. घोरतोय म्हणजे आहे. ही खोड मला कुठून लागली ते सांगायचं तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते वावर मला मनापासून नकोसं आहे.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या अलीकडं. आम्ही दोघी जावा एकामागोमाग त्या घरात आलो. मी मोठी, बारावी झालेली, तोंडानं फटकळ. ती लहानी, कमी बोलणारी, हातानं चपळ. घरात सगळे तिला लहानी म्हणायचे, अजून म्हणतात. सासरे आमच्या लग्नांआधीच गेले होते, म्हणून सासू पांढऱ्या लुगड्यात असायची. बाई कष्टाळू आणि मायाळू. सुनांचा छळ वगैरे काही नाही, उलट बाळंतपणात तिनं आमच्या दोघींच्या पायांना तेल लावलं आहे. दोघींना एकाच उन्हाळ्यात पोरी झाल्या. माझी थोडी आधी, लहानीची थोडी नंतर.

तेव्हा गावात बीटी कापसाचं बियाणं नवं नवं आलं होतं. जुन्या कापसाची बोंडं आज चार फुटली, उद्या चार फुटली, असं निवांत चालायचं. बीटीचं वावर एकदम पांढरं व्हायचं. आमचं फुटलं तेव्हाच शेजाऱ्याचं, तेव्हाच साऱ्या गावाचं. वेचायला बाया आणायच्या कुठून? बाळंतीण आहे, लेकरू अंगावर पितं आहे, हे म्हणायची सोयच उरली नाही. लेकरू धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुलिंबाला झोळीत टांगायचं, वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधायची आणि तासाला, म्हणजे आपल्या ओळीला, लागायचं.

टांगलेलं लेकरू रडतं. ते रडलं की आईचा हात थांबतो आणि तिचं ब्लाउज दुधानं भिजतं. सासूच्या आईच्या काळात त्यावर अफू होती, राईएवढी, दुधात कालवून. आम्ही सगळी भावंडं तशीच निजून मोठी झालो, असं सासू सांगायची. तिचा एक भाऊ उठलाच नव्हता. तेही ती सांगायची, पण एवढंच, आणि लगेच दुसऱ्या गोष्टीकडं वळायची.

आमच्या वेळी अफू कुठली, आमच्या वेळी मेडिकल होतं. कोणाच्या तरी पोराला डॉक्टरनं सर्दीचं पातळ औषध लिहून दिलं. सर्दी गेली की नाही देव जाणे, पोरगं मात्र दुपारभर निजलं. झालं, बायांना आणखी काय पाहिजे? हायवेवरच्या मेडिकलात जाऊन 'ते गुलाबी, झोपीचं' म्हटलं की शिशी मिळायची. चिठ्ठी कोणी मागत नव्हतं. शिशीवर बारीक अक्षरात इंग्रजीत काय काय लिहिलेलं असायचं. मी एवढी शिकलेली, पण मीही ते वाचायच्या भानगडीत पडले नाही. माप एकच होतं, शिशीचं झाकण. सकाळी एक झाकण पाजलं की दुपारच्या भाकरीपर्यंत काळजी नाही. माझ्या पोरीलाही मी ते देत होते. सगळ्याच देत होत्या.

पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडं सीतादही करतात. वावराच्या पहिल्या तासापाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मगच कापसाला हात लावायचा. हे काम सासूचं. ती तिकडं पाठ करून बसली होती, तेव्हा इकडं झाडाखाली लहानीनं पोरीला झोळीत घालता घालता झाकण पाजलं. एरवी निंदणी-खुरपणीला जाताना आम्ही घरूनच पाजून निघायचो. त्या दिवशी तिची पोर रस्त्यानं खांद्यावरच झोपली होती म्हणून राहिलं होतं. पोरीला सर्दी होती, नाक सारखं वाजत होतं. पाजलं आणि लहानी तासाला लागली. सासूला सांगायचं राहिलं. मला तरी कुठं माहीत होतं, मी माझ्या पोरीची दुपटी वाळत घालण्यात गुंतले होते. तिला हगवण लागली होती, म्हणून तिला मी काहीच दिलं नव्हतं.

त्यामुळे झालं काय, माझी पोर सकाळपासून बोंबलत राहिली. सासू तिला मांडीवर घेऊन थोपटत होती आणि आवाज पार शेवटच्या तासापर्यंत येत होता. माझ्या शेजारी वेचणाऱ्या बाईनं सुनावलंच, "काय वं, तुही पोरगी हाय का भोंगा? लहानीची पाह्य, कशी गुणाची निजली." लहानी ओटी सावरत हसली. मला माझ्या पोरीचा राग आला, खरंच आला. गप का नाही बसत ही, चारचौघीत लाज काढते, असं वाटलं.

मध्येच मी पाणी प्यायला झाडाखाली आले. माझी पोर सासूच्या शेजारी गोधडीवर पाय झाडत होती आणि सासूच्या मांडीवर लहानीची होती. सासू पदरानं तिची हनुवटी पुसत होती. म्हणाली, "सर्दीनं किरकिर करून राह्यली होती. आता निजते." पांढऱ्या पदरावर गुलाबी डाग होता. मी तो पाहिला, माठातलं पाणी प्यायले आणि तासाला परत गेले.

दुपारी भाकर खायला बसलो तेव्हा लहानी पोरीला पाजायला गेली. पोर उठेना. सासू म्हणाली, "निजू दे वं. रातभर डोया लागला नाही तिचा." सगळ्याच म्हणाल्या, निजू दे. लहानी तशीच उठली, दुधानं छाती भरलेली, आणि पुन्हा वेचायला लागली.

उन्हं कलल्यावर कापसाची गाठोडी काट्यावर चढली. लहानी झोळीपाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. मला म्हणाली, "बाई, हिचं नाक वाजत नाही."

काळीपिवळी जीप करून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. तिथं कॉटवर फवारणीच्या विषानं पडलेली दोन माणसं होती. त्या दिवसांत ती असायचीच. डॉक्टर पोरसवदा. त्यानं आधी तेच विचारलं, फवारणीचं काही तोंडात गेलं का? लहानी म्हणाली, नाही, सर्दीचं औषध देलं, एक झाकण. त्यानं पोरीचे डोळे उघडून बत्तीनं पाहिले, छातीवर बोटं दाबत राहिला आणि मग थांबला. "एवढ्या लहान बाळाला हे देतच नाहीत," म्हणाला. आणि मग, "पण एका झाकणानं असं होत नाही. नक्की एकदाच दिलं होतं?" लहानी म्हणाली, एकदाच. त्यानं पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, एकदाच, बाप्पा, देवाच्यान एकदाच.

सासू भिंतीशी उभी होती. पोरीचं टोपडं तिच्या हातात होतं आणि ती त्याची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, गुंडाळत होती. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला पदरावरचा डाग आठवला. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मी तिच्याकडं पाहत राहिले. ती नाडी गुंडाळतच राहिली.

गावात सांगितलं, थंडी भरली. काही जणी म्हणाल्या, नजर लागली, आम्हीच तर दिवसभर कौतुक करत होतो. त्या वर्षांत गावोगाव पेपरवाले यायचे, साहेब लोक यायचे, कोणत्या शेतकऱ्यानं कशापायी जीव दिला ते विचारायचे. आमच्या दारावरूनही गेले. झोळीतल्या लेकरांचं त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आसपासच्या गावांत 'थंडीनं गेलं' म्हणून किती लेकरं पुरली असतील आणि त्यातली खरंच थंडीनं किती गेली असतील, हे आता कोणी सांगू शकणार नाही. मला रात्रंदिवस याचीच चीड येते. मेलेल्यांची मोजदाद करायला सरकार येतं, आणि ही लेकरं कोणाच्याच मोजणीत नाहीत.

बोंडं तर फुटलेलीच होती. लहानी आठवड्याच्या आत वावरात आली. वेचता वेचता तिच्या ब्लाउजवर ओल यायची आणि ती ओटी वर ओढून झाकून घ्यायची. ती झोळी मीच सोडली. फांदीवर दोरीचा घासलेला वळ राहिला, तो लिंब तोडेपर्यंत तसाच होता. बाया म्हणायच्या, दुपारी तिथं लेकरू रडल्याचा आवाज येतो. मी त्यांच्यावर खेकसायचे. भूतबीत मी मानत नाही. आणि रडल्याचा आवाज आला असता तर मी सुखानं ऐकत बसले असते. मला तिथं रडणं कधीच ऐकू आलं नाही, आणि भीती त्याचीच वाटायची.

त्यानंतर सासूनं कोणाचं लेकरू मांडीवर घेतलं नाही. मला मुलगा झाला, लहानीला मुलगा झाला, तरी नाही. लोक तिला दगड म्हणायचे. लहानीनं आपल्या मुलाला कधी धड झोपू दिलं नाही. तो निजला की ती नाकाशी बोट धरायची आणि तरी भागलं नाही की चिमटा काढायची. पोरगं कळवळून उठायचं, आणि ही त्याला छातीशी धरून म्हणायची, "हाय, हाय." तो आता मिशा फुटलेला घोडा झाला आहे, पुण्याला कंपनीत लागला आहे, आणि ही रोज रात्री त्याला फोन करून उठवते. तो चिडतो. मीही चिडायचे, "बाई, तुझ्या पोराला येड लागंल." ती म्हणायची, "एका झाकणानं नाही होत, असं डाक्टर म्हणे. मंग कशानं झालं? माह्या दुधानंच झालं असंल." हे ऐकलं की माझ्या जिभेच्या टोकावर यायचं. मी सासूकडं पाहायचे. सासू तांदूळ निवडत असायची, खाली मान घालून. मला तिचा असा संताप यायचा की ताट हातातून ओढून घ्यावं. पण सांगायचं होतं ते तिनं. ते माझं नव्हतं.

आता सासू फार थकली आहे. तिची झोप उडाली. डॉक्टरनं झोपेची बारीक गोळी लिहून दिली, रोज एक, जास्त बिलकुल नाही. ती गोळी लहानी देते. पाकीट तिनं स्वतःच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आहे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लहानी शेजारी गेली होती. दिवेलागण झाली होती. सासूनं मला हाक मारली, "मले गोळी नाही देली वं आज." मी डबा उघडला, गोळी काढली, तांब्या भरला आणि तिच्या खाटेपाशी गेले. तिनं तळहात पुढं केला. मी गोळी ठेवणार तेवढ्यात परत आलेल्या लहानीनं मागून माझं मनगट धरलं. एवढं घट्ट, की बांगडी रुतली.

"देली म्या," ती म्हणाली. "जायच्या आंधी देली."

सासू माझ्या हातातल्या गोळीकडं पाहत होती. मग ती बोलली, इतक्या हळू की मी वाकले.

"असंच झालं होतं," ती म्हणाली. "तुनं पाजलं ते मले ठाव नोतं. मी सीतादह्यापाशी होती. पोरगी किरकिर करे. म्या बी एक झाकण पाजलं."

मी लहानीकडं पाहायला घाबरले. इतकी वर्षं हे मी एकटीच उरात धरून होते, आता घर फुटतं, असं वाटलं.

लहानीनं माझं मनगट सोडलं. "मले मालूम हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमचं लुगडं म्याच धुतलं होतं. डाग निंघालाच नाही."

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"तुमी सांगसान म्हून थांबली." तिनं माझ्या बोटांतली गोळी घेतली, कागदात गुंडाळली आणि डब्यात ठेवली. "लय थांबली."

सासूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण गोळीनं पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. ती त्या जबरदस्तीनं उघड्या ठेवत होती. म्हणाली, "मले भ्या वाटते निजाचं."

लहानीनं तिच्या अंगावर गोधडी ओढली, खाटेच्या कडेला बसली आणि तिच्या नाकाशी बोट धरलं.

"निजा तुमी," ती म्हणाली. "मी जागीच असते."