झोपेत दिलेली सिया

तारोडीच्या मॅबेलमावशीपुढे बोलण्यात कुणाची डाळ शिजायची नाही. पण त्या दुपारी, ती जिथे मुलं सांभाळायची त्या बालगृहात फोनसमोर बसताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने तान्हेपणापासून वाढवलेली सिया मागच्या वर्षी इटलीतल्या जोडप्याकडे दत्तक गेली होती. आता ती पाच वर्षांची पोर तिकडे रात्र रात्र झोपत नव्हती. डोळा लागला की किंचाळून उठायची, आईचा हात सोडायची नाही. तिच्या मनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवून विचारलं होतं, की ही मुलगी तुमच्याकडून निघाली कशी?

मावशी मच्छीमाराच्या घरातली. बाप पहाटे होडीवर निघाला की पोरांना उठवायचं नाही, निघताना घरात रडारड नको, ही तिच्या घरची रीत. म्हणून तिने सियालाही थोपटून झोपवलं आणि झोपेतच नव्या आईच्या खांद्यावर दिलं. पोर रडली नाही म्हणून सगळ्यांनी मावशीची पाठ थोपटली, आणि हिनेही ती खुशाल थोपटून घेतली. बापाची होडी परत यायची, सिया मात्र परक्या माणसांत जागी होणार होती आणि परत येणार नव्हती, एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात आल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"मना फोनवर बघून जास्तच रडाय लागली तर?" तिने संस्थेच्या अंबिकाताईंना विचारलं.

"रडू दे, मावशी. डॉक्टर म्हणतायत, जागेपणी तुमचा निरोप घेऊ दे तिला."

पडद्यावर सिया दिसली. केस कापलेले, गाल भरलेले. मावशीला बघताच ती आईच्या कुशीत दडली. मावशी पडद्याजवळ सरकली.

"बाय, तू आता आईकडंच ऱ्हायाचं. मी हय बालगृहातच हाय. झोपलीस तरी तुला कोन उचलून न्हेनार न्हाय."

सिया मराठी विसरली होती. अंबिकाताईंनी ते इंग्रजीत सांगितलं, आईने तिच्या कानात इटालियनमध्ये. सिया हमसून हमसून रडली. मावशीही रडली, अगदी मोकळं.

मग सियाने नाक पुसलं, हात हलवला. फोन बंद करायला मावशीचं बोट काही धजेना. शेवटी पडद्यावर सियाचंच इवलं बोट पुढे आलं. मावशीकडे टक लावून बघत तिनेच फोन बंद केला.