वाकळ झोपवणाऱ्या आक्का

माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे सगळ्यांच्या आक्का, पोरांना कधी झोपवत नसत. त्या वाकळ झोपवत. जुनेर जोडून त्यांनीच शिवलेली ती जाड वाकळ माझ्या सोनीच्या अंगावर घालायची, वरून थोपटायचं आणि हळूच सांगायचं, "दमलीया बिचारी. तू हालू नगंस, तिला झोप लागू दे." वाकळ जागी होऊ नये म्हणून सोनी श्वाससुद्धा बेतानं घ्यायची आणि बघता बघता स्वतःच झोपून जायची.

मी शाळेतली बाई. वर्गभर पोरं माझ्या नुसत्या नजरेनं गप्प व्हायची. घरी मात्र गाणी म्हणून माझा घसा बसायचा, तरी पोरगी पाणी, शू, पुन्हा पाणी करत अंथरुणातून उठायची ती उठायचीच. शेवटी आक्का पदराला हात पुसत यायच्या. "सर की जरा. वाकळ कवाची जागी हाय." मी सरायची. आपल्याच मुलीच्या अंथरुणावरून रोज सरायचं म्हणजे काय, हे ज्याला सरावं लागलंय त्यालाच कळेल. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

एका दिवाळीला माहेरी, राधानगरीला गेले, तेव्हा वाकळ मुद्दाम घरीच ठेवली. आईची कोरी चादर सोनीवर घातली, आक्कांसारखंच थोपटलं, आवाजही तसाच काढला. "चादर दमलीय हं."

सोनी ताडकन उठून बसली. "ही दुकानातली हाय. हिला झोप येत न्हाय."

"मग कुणाला येते?"

"आक्काच्या वाकळंला!" म्हणून तिनं जे भोकाड पसरलं, की मला ती चादर टराटरा फाडावीशी वाटली.

परत आल्यावर सोनीनं हे सगळं आक्कांना सांगून टाकलं. आक्का हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं. "तुजी एक साडी दे मला. वाकळंत घालतो," एवढंच म्हणाल्या.

"माझ्या साड्या अजून चांगल्या आहेत," मी तोडून सांगितलं. त्यांची मेहेरबानी नको होती मला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सोनी कॉलेजात गेली त्या वर्षी आक्का आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी आणल्या, तरी पडून राहतील तर शपथ. "भांडी ऱ्हायल्यात" म्हणून सारख्या उठायच्या. मी समजावलं, त्यांची मुलं रागावली, काही उपयोग नाही. एका संध्याकाळी सोनीनं ती विटलेली वाकळ त्यांच्या अंगावर घातली आणि थोपटत म्हणाली, "आक्का, हालू नगंस. दमलीया बिचारी. तिला झोप लागू दे." आक्का शहाण्या पोरीसारख्या निजल्या. मी दारात उभी होते. माझ्यापाशी ही अशी बसेल का, हा विचार आधी आला. रडू मागाहून आलं.

त्याच आठवड्यात आक्का गेल्या. वाकळ सोनीच्या खोलीत आहे. ती घरी नसली की मी एकेका तुकड्यावरून हात फिरवते. सासूबाईंचं लुगडं, आक्कांचं इरकल, भावोजींचा सदरा. माझं त्यात काही नाही. आता माझ्या साड्या पार विरल्या आहेत, पण मागणारं कुणी उरलं नाही.