बंपरमागचा फिल्टर

पिशोर रस्त्यावरचा तो अपघात अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. नोकरीत मी याहून मोठे गुन्हे पाहिले, पण माणसाच्या तोंडून खरं कसं बाहेर येतं हे या तपासात मला जितकं स्पष्ट दिसलं, तितकं दुसऱ्या कुठल्याच तपासात दिसलं नाही.

मी तेव्हा ग्रामीण पोलिसांत होतो. दिवेलागणीला ठाण्यात फोन आला : एका मेंढपाळाला गाडीने उडवलं, एक मेंढी जागीच मेली, आणि लोकांनी चालकाला धरून ठेवलंय. आम्ही पोचलो तेव्हा जखमी माणसाला दवाखान्यात हलवलेलं होतं. दुधाच्या पिकअपचा चालक रस्त्याच्या कडेला बसला होता, शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला.

"साहेब, म्या उडिवलं नाय," तो म्हणाला. "पडलेला दिसला म्हून थांबलो. उचलून गाडीत घालीत व्हतो, तवर ही समदी आली."

मेंढपाळाची बायको समोरच उभी होती आणि तिच्यामागे चालकाला मारणारे तिचे दीर. "खोटं बोलतंय ते!" ती ओरडली. "म्या पळत आले तवा ह्याचीच गाडी उभी व्हती. दुसरं कोण व्हतं तिथं?"

तिचंही चूक नव्हतं. ती मेंढरांच्या मागच्या टोकाला होती आणि वळणामुळे तिला धडक दिसली नव्हती. नवरा बेशुद्ध होता. त्यात पिकअपचा डावा दिवा फुटलेला. चालक म्हणाला, जुना आहे. पण फुटलेला दिवा पाहिल्यावर जमाव असलं काही ऐकून घेत नाही.

मी मोजायचा टेप काढला. मेंढपाळाचा पाय गुडघ्याच्या खाली मोडल्याचं डॉक्टरांनी कळवलं होतं आणि पिकअपचा पुढचा लोखंडी बंपर त्याहून बराच वर येत होता. शिवाय घटनास्थळी काळ्या प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा सापडला, बंपरच्या डाव्या कोपऱ्यासारखा वळलेला. पिकअपच्या पुढच्या बाजूला प्लास्टिक नव्हतंच. पंचांसमोर तो तुकडा आणि मेलेल्या मेंढीची थोडी लोकर मी जप्त केली. त्या लोकरीवर हिरवा रंग होता.

"हा रंग कसला?" मी बाईंना विचारलं.

"आमची खूण हाय. रानात चार कळप एका जागी बसत्यात, मेंढरं मिसळत्यात. दिरांची तांबडी खूण, आमची हिरवी. पाठीवर नाय, डाव्या कुशीवर."

चालकाला मी पुन्हा विचारलं, दुसरी गाडी पाहिली का? तो म्हणाला, पाहिली नाही, ऐकली. "वळणापल्याड गेली, साहेब. लई घुरघुरत व्हती. वारा वढून घ्यावा तसा आवाज."

वरिष्ठांचा फोन आला. ठाण्याबाहेर माणसं जमत होती. चालकाची अटक दाखवली तर गर्दी पांगेल, असा त्यांचा सल्ला होता. मी म्हणालो, "सर, मापं जुळत नाहीत. मला थोडा वेळ द्या." त्यांनी दिला, पण थोडाच. चालकाला नोटीस देऊन घरी सोडलं आणि त्याची गाडी तपासणीसाठी ठेवून घेतली. खरी गाडी सापडली नाही, तर थांबून मदत करणाराच आरोपी होणार होता.

गाडीचा बंपर फुटला की ती शहरात जाते. शहरातल्या माझ्या खबऱ्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या : पुढचा डावा कोपरा फुटलेला आणि आवाज वारा ओढल्यासारखा. खबर आणली ती डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या माणसाने.

"साब, छावनी का लौंडा है. बंपर का कोना टूटा था, पूरा नवा डलवाया. वो तो ठीक. पर पुराना भी गाडी में डाल के ले गया! कायकू ले जाते लोगां टूटा बंपर?"

"आणखी काही?"

"बंपर के पीछे हवा का फिल्टर लगाया है उसने. उसको हात नक्को लगाव बोला, पानी भी नक्को मारो. मैंने कपडा डाल के काम किया."

शहरातल्या छावणी भागाच्या ठाण्यात रीतसर नोंद करून, तिथला एक हवालदार आणि दोन पंच घेऊन आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. पंचविशीचा, नोकरीला असलेला, घरचं चांगलं. गाडी दारात, आरशासारखी धुतलेली.

"गाडी महिनाभर शहराबाहेर गेलेलीच नाही," तो म्हणाला. पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. माणूस ते प्रश्न पूर्ण व्हायच्या आत म्हणतो. बंपरचं विचारलं तर पार्किंगमध्ये खांबाला घासला. जुना कुठाय? भंगारात दिला. कोणाला? आठवत नाही.

मी तो विषय सोडला आणि बॉनेट उघडायला सांगितलं. आत कंपनीचा एअर फिल्टरचा काळा डबा नव्हता. त्याच्या जागी एक चकचकीत ॲल्युमिनियमची नळी खाली गेलेली होती.

"हे काय?"

"कोल्ड एअर इनटेक, सर."

"याने ॲव्हरेज वाढतं का?"

तो पहिल्यांदाच हसला. "काका... सॉरी, सर. ॲव्हरेजसाठी हे कोणी बसवत नाही."

"मग कशासाठी? माझीही पेट्रोलचीच गाडी आहे. नीट सांग."

आणि त्याने खरोखरच नीट सांगितलं. बॉनेटच्या आतली हवा इंजिनामुळे तापलेली असते. गार हवा दाट असते, इंजिनाला जास्त प्राणवायू मिळतो, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी चटकन उचलते. आखूड नळीचा संच स्वस्त, पण तो गरम हवाच ओढतो. म्हणून याने लांब नळीचा निवडला. नळी अडीच इंची, कारण त्याहून मोठी घेतली तर हवा मोजणारा सेन्सर चुकीचं वाचतो. फिल्टर खाली उतरवून डाव्या फॉगलॅम्पच्या रिकाम्या जागेमागे.

"म्हणजे समोरची हवा थेट आत?"

"थेट, सर! आवाज ऐका एकदा." त्याने गाडी सुरू करून रेस केली. चालकाने सांगितला होता तसाच आवाज. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पावसात पाणी नाही जात?"

"साचलेल्या पाण्यात गाडी घालायचीच नाही. इंजिनाने पाणी ओढलं तर संपलं."

"बसवला कोणी?"

"मी स्वतः. मेकॅनिकला हात लावू देत नाही. क्लॅम्प जास्त आवळला तर सिलिकॉनचा जोड फाटतो, ढिला ठेवला तर हवा गळते."

"आणि फिल्टर कधी साफ केलास?"

"अजून नाही. तो कापडी आहे, तेल लावलेला. असा कसाही धुवायचा नसतो, वाट लागते त्याची. बसवल्यापासून कोणी हात लावलेला नाही."

हे सगळं तो पंचांसमोर बोलला. मी म्हणालो, "बाहेर काढून दाखव."

तो आनंदाने खाली बसला, डाव्या चाकाच्या आतलं अस्तर सोडवलं, क्लॅम्प ढिला केला आणि फिल्टर ओढून बाहेर घेतला. मग तसाच बसून राहिला. फिल्टरच्या चुण्यांमध्ये, तेलाला चिकटून, लोकरीचा एक पुंजका होता. त्यावर हिरवा रंग.

"शहरात मेंढ्या कुठं भेटल्या तुला?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मेंढरं अचानक आडवी आली, सर."

"मेंढरं आडवी आली असतील. माणूस पडलेला दिसला ना?"

"दिसला."

"मग?"

त्याने जुन्या बंपरचा ठिकाणा सांगितला. तो सोयगावकडे त्याच्या मामाच्या शेतातल्या शेडमध्ये निघाला. घटनास्थळी सापडलेला तुकडा त्याच्या कोपऱ्यात नेमका बसला. लोकर आणि रंग प्रयोगशाळेत जुळले. फोनचं लोकेशनही त्या रस्त्याचंच निघालं.

माणूस स्वतःची चूक झाकतो, अभिमानाची गोष्ट मात्र त्याला झाकता येत नाही. या तरुणाने बंपर बदलला, गाडी धुतली, खोटं पाठ केलं, पण ज्या वस्तूवर त्याचा जीव होता तिला त्याने पाणीसुद्धा लागू दिलं नाही. त्यानंतर प्रत्येक चौकशीत मी समोरच्याला आधी त्याच्या आवडीच्या विषयावर बोलू दिलं. धाक दाखवण्यापेक्षा अशाने खरं पुष्कळदा लवकर उलगडतं.

दुसरी गोष्ट मी त्याच आठवड्यात ठरवली. निर्दोष माणसाला नुसतं सोडून देणं पुरेसं नाही. ज्यांच्यासमोर त्याच्यावर आळ आला, त्यांच्यासमोरच तो पुसला पाहिजे. पिकअप परत द्यायची होती त्या दिवशी मी मेंढपाळाच्या बायकोला आणि तिच्या दिरांनाही बोलावलं. गाडी कोणाची होती, पुरावा काय मिळाला, सगळं उभं राहून सांगितलं. नवरा शुद्धीवर आला होता, पायात सळई घातली होती. वेळेवर पोचला म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले होते. तेही सांगितलं.

चालकाने किल्ली घेतली, सही केली आणि बाहेर पडला. बाई त्याच्या मागे गेली.

"दादा," ती पिकअपजवळ थांबून म्हणाली, "दवाखान्यात डबा द्यायचा व्हता. तिकडंच निघालाव का?"

त्याने क्षणभर तिच्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या तिच्या दिरांकडे पाहिलं आणि पलीकडचं दार उघडलं.

"बसा, वहिनी. पर ह्या बारीला दिरांना घरीच ऱ्हाऊ द्या."

ती रडता रडता हसली आणि डबा मांडीवर धरून पुढच्या सीटवर बसली.