मुद्दा पहिल्या ओळीत

पेपर तपासून झाले की गठ्ठा बांधून परत करता येतो. पण वर्गात घडलेले किस्से कुठे परत करायचे? ते माझ्याकडेच राहतात, आणि दर रविवारी त्यात भर पडते! अमरावतीत मी रविवारी सकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बोलायला नाही हं, लिहायला. बोलायचे क्लास गल्लोगल्ली आहेत. साधं, सरळ, समोरच्याला एका वाचनात कळेल असं लिहायला कोणी शिकवत नाही, म्हणून मी शिकवते. आणि शिकवल्याशिवाय सोडत नाही.

आमच्या वऱ्हाडी माणसाची एक गंमत आहे. मोठ्यातल्या मोठ्या साहेबाला तो तोंडावर विचारेल, "काहून जी, कवा होईन आमचं काम?" पण इंग्रजी लिहायला बसला की हाच माणूस कमरेत वाकतो. विथ ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टू स्टेट, युवर गुड सेल्फ... अरे, इंग्रज गेला! कोणापुढे वाकून राहिले तुम्ही?

म्हणून माझ्या वर्गाची एक रीत आहे. लिहायच्या आधी उभं राहायचं आणि काय लिहायचं आहे ते शेजारच्याला वऱ्हाडीत सांगायचं. जे सांगितलं तेच इंग्रजीत लिहायचं. बस्स!

*

ही रीत सुरू झाली ती दिनकररावांमुळे. दिनकरराव तिवस्याचे. संत्र्याचा बगीचा आहे, माल बंगळुरूला जातो. एका वर्षी तोडणीच्या तोंडावर पाऊस आला आणि तोडणी पुढे ढकलावी लागली. यांनी बंगळुरूच्या व्यापाऱ्याला ईमेल केला. चौथ्या दिवशी बंगळुरूची गाडी तिवस्यात हजर! संत्री झाडावर, गाडी दारात आणि ड्रायव्हर यांच्या ओसरीत जेवायला!

दिनकरराव तावातावानं माझ्याकडे आले. "मॅडम, म्या तं साफ लिवलं होतं, गाळी पाठवू नोका म्हणून!"

मी मोबाईलवर ईमेल वाचला. आधी व्यापाऱ्याच्या तब्येतीची चौकशी. मग त्याच्या कुटुंबाची. मग दोघांच्या जुन्या संबंधांबद्दल एक मोठा परिच्छेद. मग हवामान.

"कुठे लिहिलं आहे हो?"

"खाली पाहा ना. सहीच्या वरते."

सहीच्या वर, थँकिंग यूच्या शेजारी, बिचारं ते वाक्य बसलं होतं. मी म्हटलं, "दिनकरराव, फोनवर सांगायचं असतं तर काय म्हटलं असतं?"

"गाळी पाठवू नोका."

"मग तेच पहिल्या ओळीत लिहायचं!"

ते म्हणाले, "एकदम? रामराम न करता? अन् तेही इंग्रजीत?"

*

आता प्रभा सिस्टरबद्दल सांगते, कारण वर्गात सगळ्यात जास्त गरज तिला होती. माहेर बार्शीटाकळीचं, नोकरी अमरावतीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात. हॉस्पिटलचे मालक पुण्याला बसतात. सगळा कारभार ईमेलवर, आणि तोही इंग्रजीत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "इंग्रजी कशाला शिकायचं आहे?"

ती उभी राहिली आणि म्हणाली, "लिफ्टसाठी."

वर्ग हसला. ती हसली नाही. "आमचा वार्ड तिसऱ्या माळ्यावर हाय. एक्स-रे खाली हाय. लिफ्ट बंद पडून राहिली. ऑपरेशन झालेले पेशंट आमी उचलून जिन्यानं नेतो. एक दिवस एखादा हातातून सुटन, मॅडम. म्या लिवते, कोनी आयकत नाही."

मग कोणी हसलं नाही.

तिनं पाठवलेला ईमेल मी मागून घेतला. त्यात लिफ्ट हा शब्दच नव्हता! "पेशंट्सच्या व्हर्टिकल मूव्हमेंटच्या संदर्भात काही गैरसोय अनुभवास येत आहे, तरी त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा," अशा अर्थाचं भलंमोठं इंग्रजी वाक्य होतं. हे तिला ऑफिसातल्या कोणीतरी 'चांगलं' करून दिलं होतं. पुण्याहून उत्तर आलं होतं, "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार."

माझं डोकं सणकलं. पुण्यावर नाही, त्या वाक्यावर. माणूस जिन्यावरून पडायची पाळी आली आहे आणि वाक्य म्हणतं गैरसोय! मी म्हटलं, "प्रभा, ती लिफ्ट सुरू होईपर्यंत तुला सुट्टी नाही." ती म्हणाली, "मले कुठी पाह्यजे सुट्टी!"

*

अकोल्याचे जोशी वकील रविवारी पहाटेच्या गाडीनं येतात. मोठे हुशार, पण त्यांचं वाक्य एकदा सुटलं की थांबत नाही. व्हेअरअॅज पासून सुरू होतं, मध्ये सगळं खानदान येतं, आणि कोणी कोणाविरुद्ध काय केलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

मी नियम सांगितला. आपलं वाक्य आपणच मोठ्यानं वाचायचं. एका श्वासात संपलं नाही तर तोडायचं.

"त्यात काय एवढं!" म्हणत वकीलसाहेब उभे राहिले आणि आपली नोटीस वाचायला लागले. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीत आवाज बारीक झाला. तिसरीत मान लाल झाली. पण हट्टी माणूस! श्वास घेईनात. टेबल धरलं, डोळे मोठे केले, तरी वाक्य चालूच.

प्रभा सिस्टर जागची उठली, त्यांच्या हाताची नाडी धरली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, फुलस्टॉप द्या. नाही तं मले ऑक्सिजन द्या लागन!"

त्या दिवसापासून अकोल्याच्या कोर्टात जोशी वकिलांच्या नोटिशी छोट्या झाल्या आहेत म्हणतात. समोरचे वकील तक्रार करतात. आता त्यांना मुद्दा कळतो आणि उत्तर द्यावं लागतं!

*

सेमाडोहचा संजू. मेळघाटात पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतो. तो दर रविवारी येत नाही, पावसाळ्यात पर्यटक कमी झाले की येतो. त्यानं खोल्यांबाहेर इंग्रजी पाटी लावली होती. "माननीय पाहुण्यांना नम्र विनंती की वन्यजीवांच्या संभाव्य वावरामुळे सूर्यास्तानंतर बाह्य परिसरात संचार करणे कृपया टाळावे."

पाहुणे काय करायचे? पाटीसोबत सेल्फी काढायचे आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन फिरायला निघायचे!

मी म्हटलं, "संजू, तुझ्या भावाला कसं सांगशील?"

"बाहीर नोको जाऊ बे, वाघ येते."

"लिही."

त्यानं नवी पाटी लावली. इथे वाघ येतो. अंधार पडल्यावर बाहेर जाऊ नका. पुढच्या खेपेला आला तो तोंड पाडून. "मॅडम, तुमचा नियम लय कडक हाय. एक फॅमिली पाटी वाचून चहा बी न पेता पळाली!"

मला वाईट वाटलं. म्हटलं, "अरे रे, गिऱ्हाईक गेलं तुझं."

तो आधी हो म्हणाला. मग म्हणाला, "पळालं. पन जितं पळालं!"

*

मध्यंतरी वर्गावर एक संकट आलं. दिनकररावांच्या पुतण्यानं त्यांच्या मोबाईलमध्ये एक अॅप टाकून दिलं. मराठीत दोन शब्द बोला, ते इंग्रजीत पत्र लिहून देतं. दिनकररावांनी मला सभ्यपणे राजीनामा दिला. "मॅडम, आता शिकून काय करता? हे लिवते ना सारं."

मी म्हटलं, "लिहू द्या."

त्या वर्षी ऊन फार होतं. फळ बारीक राहिलं. हे मोबाईलला म्हणाले, बंगळुरूवाल्याला लिही, औंदा फळ बारीक हाय, घेशील का? मोबाईलनं सुंदर पत्र लिहिलं. गुणवत्तेशी आमची बांधिलकी, निवडक फळांचा दर्जा, पिढ्यानपिढ्यांचा विश्वास! फळ बारीक आहे हे त्यात इतक्या गोडीनं लिहिलं होतं की ते कोणाला दिसलंच नाही. यांनी न वाचता पाठवून दिलं. बंगळुरूवाला खूश! त्यानं नेहमीपेक्षा जास्त माल मागितला, आणि तोही मोठ्या फळाचा.

पुढच्या रविवारी दिनकरराव पहिल्या बाकावर. मी फळा पुसत होते. तेच बोलले. "मॅडम, जी संत्री माह्या बगीच्यात नाही, ती या मोबाईलच्या बगीच्यात हायत!"

मग मात्र मी सगळ्यांना सुनावलं. मोबाईल वापरा, मी नाही म्हणत नाही. मीही वापरते. पण खाली सही तुमची असते, मोबाईलची नाही. जे लिहिलं ते तुमचंच म्हणणं आहे का, एवढं ओळखण्यापुरते तरी नियम आले पाहिजेत. ते आल्याशिवाय मी कोणाला या वर्गातून जाऊ देणार नाही!

"आमी कुठी जाऊन राहिलो?" दिनकरराव म्हणाले. "चहासंगं गरम आलुबोंडे सांगितले हायत."

*

आता शेवटचा किस्सा सांगते.

एका रविवारी प्रभा सिस्टर उशिरा आली. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "उभी राहा आणि सांग." तिनं वकीलसाहेबांकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली.

"मंगळवारी एक आजी होती. कमरेचं ऑपरेशन झालेली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मामा लोकं खाली नेत होते. एका मामाचा पाय घसरला. म्या कठडा धरला, अन् दुसऱ्या हातानं आजीले धरलं. आजी म्हणे, माय, मले खाली नोको नेऊ, मले अथीच मरू दे." एवढं बोलून ती रडायला लागली. वॉर्डातल्या मदतनिसांना हॉस्पिटलात मामा म्हणतात, ते बिचारे तरी किती ओझं उचलतील?

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी म्हटलं, "आत्ता लिही. हेच लिही."

तिनं लिहिलं. इंग्रजीत, स्वतःच्या हातानं. लिफ्ट बंद आहे. ऑपरेशन झालेल्या पेशंटना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं नेतो. मंगळवारी एक आजीबाई पडता पडता वाचल्या. पुढचा पेशंट पडेल. लिफ्ट दुरुस्त करा, आणि कोणत्या दिवशी करणार ते मला कळवा.

आधी तिनं ते हॉस्पिटलच्या इथल्या मॅनेजरांना दाखवलं. ते म्हणाले, "सिस्टर, हे फार उद्धट वाटतं. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं आहे, विसरू नका." सिस्टर म्हणाली, "बुढीले खुर्चीत घालून जिन्यावरून नेता, ते उद्धट नाही वाटत तुमाले?" आणि तिथेच, त्यांच्यासमोर, पाठवून दिलं.

तिनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मी घाबरलेच. कोणाची नोकरी घालवायला मी वर्ग काढला नव्हता! पण ती म्हणाली, "मॅडम, भेव लागून राहिलं, पन बरं वाटून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खुद्द मालकांचा, म्हणजे मोठ्या साहेबांचा, पुण्याहून फोन. "सिस्टर, हा ईमेल तुम्हाला कोणी लिहून दिला?"

"म्याच लिवला, साहेब. आंधीचे बी माह्याच नावाचे होते. हा तुमी वाचला."

मग साहेब म्हणाले, "मी स्वतः येतो."

जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच सांगते. त्याच आठवड्यात लिफ्ट सुरू झाली आणि सिस्टरचं कॉन्ट्रॅक्टही रिन्यू झालं. पण ज्या दिवशी साहेब आले, त्या दिवशी लिफ्ट बंदच होती.

साहेब आले ते काठी टेकत. गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मॅनेजर हार घेऊन पुढे, मागे सगळा स्टाफ. साहेब लिफ्टपाशी गेले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं, वर तिसऱ्या माळ्यापर्यंत.

मॅनेजर म्हणाले, "सर, इथेच ऑफिसमध्ये बसून बोलू या ना?"

"नाही," साहेब म्हणाले. "मला वॉर्ड पाहायचा आहे."

प्रभा सिस्टरनं दोन्ही मामांना हाक मारली, प्लास्टिकची खुर्ची आणून साहेबांच्या पुढ्यात ठेवली, पदरानं पुसली आणि म्हणाली, "बसा, साहेब. आमी नेतो."